गिलावा शिकताना: थापी उचलण्याआधी आणि खाली ठेवल्यानंतर

घमेली उचलून खांदे भरून आलेत आणि आता थापी हातात घ्यायची घाई झालीय, अशा पोरांसाठी हे लिहितोय. घरमालकांनी वाचलं तरी हरकत नाही, निदान आपल्या भिंतीवर काय चाललंय ते कळेल. मी स्वतः चार वर्षं बिगारी होतो. ठाण्याला लागून असलेल्या कळव्याच्या एका खोलीत सहाजण राहायचो आणि सकाळी घोडबंदर रोडच्या साइटवर जायचो. तेव्हा वाटायचं, गवंड्याची कला म्हणजे मनगट. माल, म्हणजे कालवलेलं सिमेंट-रेती, कसा उडवतो, पट्टी कशी ओढतो, सगळं तिथेच. मनगट लागतंच, पण ते काही महिन्यांत तयार होतं. गिलावा फुटतो, पोकळ वाजतो, खाली येतो तो बहुतेक वेळा माल लावण्याआधी काहीतरी राहून गेल्यामुळे, नाहीतर लावून झाल्यावर पाणी न मारल्यामुळे.

हे मला माझ्या पैशाने कळलं. ठेका घेऊन केलेलं पहिलंच काम, कोलशेतच्या बाजूला. हॉलच्या सीलिंगचा गिलावा फर्स्ट क्लास झाला होता, सुपरवायझरनेही मान हलवली होती. अकराव्या दिवशी सकाळी वॉचमनचा फोन, "सेठ, छत गिर गया." पोटात गोळा आला. जाऊन बघतो तर स्लॅब जागेवर आणि आमचा गिलावा चार बाय तीन फुटांचा तुकडा होऊन टाइल्सच्या खोक्यांवर. रात्रीची वेळ होती म्हणून खाली कोणी नव्हतं. तुकडा उलटा करून पाहिला. मागची बाजू ताटलीसारखी गुळगुळीत, बोट फिरवलं तर बुळबुळीत. शटरिंगला, म्हणजे स्लॅब ओतायच्या साच्याला, लावलेलं तेल स्लॅबच्या पोटावर तसंच राहिलं होतं आणि आम्ही त्यावरच माल थापला होता. टाचे, म्हणजे मालाला पकड मिळावी म्हणून काँक्रीटवर हातोडीने घातलेले घाव, तेसुद्धा नावापुरते मारलेले. उरलेलं सीलिंग तोडून पुन्हा केलं, आठ दिवसांची मजुरी खिशातून गेली.

भिंत आधी वाचायची

खोलीत शिरल्यावर लगेच माल कालवायला सांगायचं नाही. आधी हाताने आणि डोळ्याने भिंत तपासायची. विटांचं काम असेल तर सांधे १० ते १२ मि.मी. खोल खरवडलेले हवेत. हे काम बांधकाम ओलं असतानाच करायचं असतं. बांधणाऱ्याने केलं नसेल तर छन्नीने आपल्याला करावं लागतं आणि त्याची मजुरी कोण देणार हे आधीच बोलून घ्यायचं. खरवडलेल्या सांध्यात माल दात रोवल्यासारखा बसतो. सपाट सांध्यावर तो नुसता चिकटून राहतो, केव्हा सोडेल सांगता येत नाही.

नवीन भिंतीला किमान सात दिवस पाणी मिळालेलं असावं आणि त्यानंतरही थोडी उसंत मिळालेली बरी, म्हणजे जी आकसायची ती आकसून घेते. भिंतीचा वरचा थर आणि बीम यांच्यामधली फट नीट भरलेली आहे का ते शिडीवर चढून बघा. खालून सगळंच भरलेलं दिसतं.

मग इलेक्ट्रिशियनच्या झिऱ्या, म्हणजे पाइपसाठी भिंतीत खोदलेल्या खाचा. पाइप भिंतीच्या पातळीपासून किमान अर्धा इंच आत असायला हवा. वर आलेला पाइप गिलाव्यात लपवला की वर्षभरात त्याच रेषेत तडा दिसतो. झिऱ्या आदल्या दिवशीच भरून घ्यायच्या, गिलाव्याबरोबर एका दमात नाही. बाथरूममध्ये प्लंबरने पाइपलाइनला प्रेशर देऊन टेस्ट केल्याशिवाय भिंत बंद करायची नाही. नंतर गळलं की पहिला हातोडा आपल्याच गिलाव्यावर बसतो.

वीट आणि काँक्रीट जिथे भेटतात तिथे जाळी लागते. ऊन-पावसात दोघांचं आकसणं-फुगणं सारखं नसतं, म्हणून कॉलमच्या कडेने सरळ उभी चीर जाते. सांध्याच्या दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच येईल अशी, म्हणजे फूटभर रुंदीची चिकन मेश खिळ्यांनी ताणून मारायची. जाळी भिंतीला चिकटून बसली तर तिचा उपयोग नाही. ती गिलाव्याच्या पोटात यायला हवी, म्हणून खिळ्याखाली वॉशर घालून ती जराशी उचलून घेतात.

टाचे मारणं

काँक्रीटचं सीलिंग, बीम आणि कॉलम यांना टाचे मारायचे, तेही दोन बोटांच्या अंतरावर. कळकट हातोडीने कुठेतरी चार घाव घालून फोटो काढला तर ते टाचे नव्हेत. खरपुडा निघायला हवा, खालचा करडा रंग दिसायला हवा. आता हॅकिंगची मशीन मिळते, हात वाचतो, पण सळीवरचं काँक्रीटचं कव्हर फोडेल इतकं खोल जायचं नाही. त्यानंतर तारेच्या ब्रशने घासून पाण्याने धुवायचं. तेल आहे की नाही याची सोपी खूण म्हणजे पाणी शिंपडून बघणं. पाणी थेंब-थेंब होऊन ओघळलं तर तेल आहे. काँक्रीटने पिऊन घेतलं तर ठीक.

त्यावर एक भाग सिमेंट आणि दोन भाग रेतीचा पातळ छिटका मारून रात्रभर राहू द्यायचा. दुसऱ्या दिवशी हाताला खडबडीत, काटेरी लागला पाहिजे. आता बाटलीतलं बाँडिंग केमिकल सिमेंटमध्ये कालवून ब्रशने लावतात. तेही चालतं, पण त्याच्या पाकिटावर लिहिलेल्या वेळेतच गिलावा चढायला हवा. केमिकल सुकून चकचकीत झालं की उलट पडदाच तयार होतो.

ठाण्याच्या मोठ्या टॉवरांत आता ॲल्युमिनियमच्या मायवान शटरिंगने भिंतीसकट सगळं काँक्रीटमध्येच ओततात. तिथे सीलिंगला गिलावा नसतोच, पुट्टी नाहीतर जिप्समचा पातळ हात मारून मोकळे होतात. आपलं काम तेवढं कमी झालंय हे खरं. पण आतल्या पडद्या, डक्ट, जुन्या इमारतींची दुरुस्ती, चाळी, बंगले यांत गिलावा आहेच.

पाणी किती

सकाळी भिंत ओली करायची म्हणजे नळी धरून दोन मिनिटं उभं राहायचं, असं नवीन पोरांना वाटतं. विटेची भिंत आदल्या संध्याकाळी भरपूर भिजवायची आणि सकाळी पुन्हा एकदा. माल लावायच्या वेळी भिंत आतून ओली आणि वरून कोरडी दिसली पाहिजे. वर पाण्याचा पापुद्रा चमकत असेल तर माल घसरतो. भिंत तहानलेली असेल तर ती मालातलं पाणी ओढून घेते, सिमेंटला आपलं काम करायला पाणीच उरत नाही आणि गिलावा हाताने खरवडला तर रेती निघते.

आमचे मिस्त्री तळहात भिंतीला टेकवायचे आणि मग स्वतःच्या गालाला लावायचे. मला वाटायचं नाटक आहे. एकदा विचारलं तर म्हणाले, "हाताला सिमेंटने जाड कातडी आलीय रे, गालाला कळतं." आता मीही तेच करतो.

ब्लॉकच्या भिंतीचं उलटं. आपण सगळ्याच हलक्या ब्लॉकला सिपोरेक्स म्हणतो. त्याला नळीने भिजवायचं नाही. तो स्पंजासारखा पाणी पोटात धरून ठेवतो आणि पुढे आठ-पंधरा दिवस आकसत राहतो, वरचा गिलावा मग जाळ्यासारखा तडकतो. त्यावर फक्त फवारा मारायचा, धूळ झाडायची, पातळ छिटका द्यायचा आणि माल हलका ठेवायचा, १:६, म्हणजे एक भाग सिमेंट, सहा भाग रेती. ब्लॉकवर जास्त सिमेंट म्हणजे जास्त मजबुती, ही समजूत काढून टाका. खालचं अंग नाजूक आणि वरचं कडक झालं की कडक अंग खालच्याला ओढून फाडतं.

रेती, आणि पावसाळ्याचा हिशोब

घाटावर वाळू म्हणतात, आपल्याकडे रेती. एकेकाळी मुंब्र्याच्या रेतीबंदरावर खाडीतून काढलेली रेती ठाण्याच्या बांधकामांना जायची. खारी असायची, गोड्या पाण्याने धुतली नाही तर भिंतीला लोणा, म्हणजे मिठाचा पांढरा थर. आता सगळीकडे क्रश सँड. तिच्यात मीठ नसतं, पण बारीक भुकटी असते. भुकटी जास्त असली की माल लोण्यासारखा चालतो, गवंडी खूश होतो आणि महिन्याभरात केसासारख्या चिरा पडतात. गिलाव्याची रेती म्हणून वेगळी मागवायची, बांधकामाची खडबडीत नको.

तपासणी साधी आहे. काचेच्या सरळ बरणीत निम्मी रेती, वर पाणी, चिमूटभर मीठ. जोरात हलवून तीन तास ठेवून द्या. वर साचलेला मऊ थर खालच्या रेतीच्या आठ टक्क्यांपेक्षा जाड दिसला तर गाडी परत पाठवा किंवा धुऊन घ्या. सप्लायर चिडतो. चिडू द्या.

दुसरी गोष्ट कोणी शिकवत नाही: ओली रेती फुगते. फर्मा, म्हणजे मोजायची पेटी, लावून मोजलं की माप बरोबर वाटतं, पण फर्म्यात रेती कमी आणि हवा जास्त असते. सिमेंटची ५० किलोची गोणी म्हणजे साधारण ३५ लिटर, म्हणून फर्मा ४० बाय ३५ बाय २५ सें.मी. करतात. १:५ म्हणजे एका गोणीला पाच फर्मे. जूनमध्ये रेती तीस टक्के फुगलेली असेल तर त्या पाच फर्म्यांत खरी रेती चारपेक्षाही कमी भरते. आपण १:५ म्हणून १:४ च्याही वर जातो, सिमेंट वाया आणि चिरा फुकट. हेही बरणीतच कळतं. ओल्या रेतीने बरणी २० सें.मी.पर्यंत भरायची, वर पाणी ओतून ढवळायचं, रेती खाली बसते. ती १६ वर आली तर फुगवटा चार भागिले सोळा, म्हणजे २५ टक्के. मग एका फर्म्याऐवजी सव्वा फर्मा घ्यायचा.

प्रमाणाचं म्हणाल तर आतल्या भिंतीला १:५ किंवा १:६, सीलिंगला १:३ ते १:४, बाहेरून १:४. जाडी आत १२ मि.मी., विटेची खडबडीत बाजू असेल तर १५, सीलिंगला ६, बाहेर दोन हातांत मिळून २०. आतल्या भिंतीवर पंचवीस-तीस मि.मी. चढवावं लागत असेल तर भिंत तिरकी बांधलीय. तेवढी जाडी एका हातात कधीच चढवायची नाही, दोन हातांत करायची, नाहीतर स्वतःच्या वजनाने पोट काढते.

मालाचा अंदाज एका खोलीवरून घ्या. दहा बाय बाराची खोली, साडेनऊ फूट उंची. चारी भिंतींची लांबी ४४ फूट, गुणिले साडेनऊ म्हणजे ४१८ चौरस फूट. दार आणि खिडकी वजा जाता ३८०, आपल्या भाषेत ३.८ ब्रास (गिलाव्याचा ब्रास शंभर चौरस फुटांचा). १५ मि.मी. जाडीने ओला माल साधारण १९ घनफूट, सांधे आणि सांडण्यासाठी पाचवा हिस्सा वर म्हणजे २२ ते २३, आणि कोरड्याचं ओलं होताना तो दबतो म्हणून त्याच्या सव्वापट-दीडपटीच्या मधलं, सुमारे २९ घनफूट कोरडा माल. १:५ ला सहा वाटे केले की सिमेंट पावणेपाच-पाच घनफूट, म्हणजे चार गोण्या, आणि रेती पंचवीस घनफूट, पाव ब्रास (रेतीचा ब्रास शंभर घनफुटांचा). साइटवर सहा गोण्या लागल्या तर समजायचं की भिंत वाकडी आहे, नाहीतर गोण्या बाहेर जातायत.

ठिय्ये आणि ओळंबा

सीलिंग आधी, भिंती नंतर, आणि भिंतीवर वरून खाली. भिंतीचा सर्वांत पुढे आलेला भाग शोधायचा, कारण जाडी तिथून ठरते. वरच्या कोपऱ्यांपाशी दोन ठिय्ये, म्हणजे जाडी दाखवणारे मालाचे ठोकळे, मारायचे, तळहाताएवढे, त्यांच्यावर टाइलचा तुकडा बसवून पातळी धरायची. तिथून ओळंबा सोडून खालचे दोन. मग सूत ताणून मधले, पाच-सहा फुटांच्या अंतराने, म्हणजे आपली पट्टी दोन ठिय्यांवर आरामात टेकेल. ठिय्ये घट्ट झाल्यावर त्यांच्यामध्ये मालाच्या उभ्या पट्ट्या भरायच्या आणि त्या पट्ट्यांवरून भिंत भरायची.

काटकोन बघायला विसरू नका. दोन भिंतींच्या कोपऱ्यातून एकीवर तीन फूट, दुसरीवर चार फूट, खुणेपासून खुणेपर्यंत पाच फूट आलं तर काटकोन. टाइल लावणारा आपल्या मागून येतो. कोपरा वाकडा असेल तर त्याच्या तिरक्या कापलेल्या फरशीच्या पट्टीने आपलं नाव सगळ्या बिल्डिंगला कळतं.

आता भिंत भरायची

माल लोखंडी पत्र्यावर कालवायचा, जमिनीवर नाही. आधी सिमेंट-रेती कोरडी तीनदा परतायची, रंग एकसारखा आला की मग पाणी. आणि एका वेळी तेवढाच, जेवढा अर्ध्या तासात भिंतीवर जाईल. दुपारच्या जेवणाआधी मोठी आळी करून ठेवायची आणि आल्यावर पाणी घालून पुन्हा मऊ करायची, हे सगळीकडे चालतं आणि सगळीकडे चूक आहे. त्या मालातलं सिमेंट आधीच घट्ट व्हायला लागलेलं असतं.

माल थापीने फेकायचा, चोपडायचा नाही. फेकल्यावर चपक असा आवाज आला पाहिजे, म्हणजे मागची हवा निघाली. दोन पट्ट्यांमधला भाग भरला की ॲल्युमिनियमची पट्टी खालून वर, डावी-उजवीकडे हलवत ओढायची. खड्डे दिसतील तिथे पुन्हा माल, पुन्हा पट्टी. पट्टीवरून निघालेला माल ताजा असेल तर वापरा, जमिनीवर पडलेला घाणेरडा माल उचलून भिंतीत घालू नका.

त्यानंतर थांबायचं. नवीन गवंडी इथेच फसतो. पट्टी झाली की लगेच रंधा, म्हणजे गिलावा घासून सपाट करायची फळी, लावला तर माल रंध्याबरोबर ओढला जातो आणि भिंतीपासून सुटतो. उशीर केला तर रंधा नुसता खरडतो. बोट हलकं दाबून बघा. ठसा उठतो पण बोटाला माल लागत नाही, ती वेळ. एप्रिल-मे मध्ये ही वेळ चटकन येते, ऑगस्टमध्ये बंद खोलीत दीड-दोन तास वाट पाहावी लागते. थांबायचं जिवावर येतं म्हणून लोक ओल्या गिलाव्यावर कोरडं सिमेंट शिंपडतात. वरचं पाणी सुकतं, रंधा लगेच फिरतो, भिंत चकचकीत दिसते. त्या वरच्या पापुद्र्यावर पुढे जाळ्यासारख्या चिरा येतात आणि पुट्टी त्याच्यासकट निघते. माझ्या साइटवर हे दिसलं की मी त्या दिवशीचा तेवढा भाग मोजत नाही.

रंधा गोल गोल, हलक्या हाताने. पुट्टी करायची असेल तर पृष्ठभाग किंचित खरखरीत ठेवा. घासून काच केलीत तर पुट्टीला पकड नाही. जुन्या घरांत नीरू मारायचे, ओल्या गिलाव्यावरच चुन्याचा लगदा गुरमाल्याने. नौपाड्यातल्या जुन्या बंगल्यांत अजून दिसतो, आणि तो हात आता फार थोड्यांकडे उरलाय. तिथे मूळ भिंत चुन्यात बांधलेली असेल तर त्यावर सिमेंटचा गिलावा चढवू नका. ओल आत अडकते, सिमेंट पोपडे धरून निघतं आणि बरोबर चुनाही घेऊन येतं.

दिवस संपताना गिलावा सरळ कापायचा, कड तिरकी ठेवायची म्हणजे दुसऱ्या दिवशीचा त्यावर चढतो. कोपऱ्यात किंवा खिडकीच्या चौकटीपाशी सांधा ठेवायचा नाही.

बाहेरचा गिलावा

परांची हा पहिला विषय. वाशांची असो नाहीतर पाइपची, भिंतीला बांधलेली नसेल तर चढू नका. फळ्या दोन्हीकडे बांधलेल्या, बाहेरच्या बाजूला कठडा, आणि बेल्ट कमरेपुरता नको, पूर्ण अंगाचा हवा. ठेकेदार हसला तर हसू दे.

पहिला हात १२ मि.मी., त्याला ओला असतानाच तारेने वळणदार ओरखडे काढायचे. मग दोन-तीन दिवस पाणी, आणि त्यावर ८ मि.मी.चा दुसरा हात, चाळलेल्या रेतीचा, स्पंज मारून सँडफेस, म्हणजे रेतीसारखा खरखरीत पृष्ठभाग. वॉटरप्रूफिंग कंपाउंड गोणीमागे किती ते डब्यावर छापलेलं असतं, तेवढंच. जास्त घातलं तर जास्त पाणी अडेल असं नसतं. छज्जाच्या पोटाला कडेपासून जरा आत खाच ठेवायला विसरू नका. ती नसेल तर पाणी छज्जाच्या पोटावरून सरकत भिंतीला येतं आणि आतल्या बेडरूममध्ये ओल दिसते. ठाण्यात पाऊस चार महिने तिरका मारतो. जी खाच गवंड्याने पाच मिनिटांत काढायची, ती नसल्यामुळे सोसायटी लाखोंचं वॉटरप्रूफिंग करते हे मी डोळ्यांनी पाहिलंय. बाहेरचं काम मेअखेर उरकायला बघा. पाऊस आला आणि दुसरा हात ओला असेल तर धुऊन जातो.

जुनी इमारत

नवी मुंबईतल्या ऐंशीच्या दशकातल्या बैठ्या आणि चार मजली इमारतींत बहुतेक काम सीलिंगचं असतं. खाडीची खारी हवा, गळणारी बाथरूमं, आत सळी गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो आणि काँक्रीट फोडून बाहेर येतो. तिथे आधी हातोडीच्या दांड्याने ठोकत जायचं. भरीव भाग टणटण वाजतो, सुटलेला बदबदा. खडूने रेषा मारून तेवढाच भाग चौकोनी काढायचा, कडा आतल्या बाजूला तिरक्या.

आतली सळी पापुद्रे धरून निघत असेल तर तिथे थांबा. ते गिलाव्याचं काम नाही. त्यावर नवा गिलावा लावून झाकलंत तर एका पावसाळ्यापुरतं लपेल आणि मग माणसाच्या डोक्यावर पडेल. मालकाला सांगा की स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा. तीस वर्षांवरच्या इमारतींना महापालिका क्षेत्रात स्ट्रक्चरल ऑडिट कायद्यानेच बंधनकारक आहे, त्यामुळे सोसायटीला हे नवीन नसतं. काम हातचं जाईल असं वाटतं, पण असं सांगणाऱ्याला लोक पुन्हा बोलावतात.

पाणी मारणं, आणि रंगवाल्याची घाई

गिलावा झाल्यावर दुसऱ्या दिवसापासून किमान सात दिवस, पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं सिमेंट असेल तर दहा दिवस. उन्हाळ्यात दिवसातून तीनदा. भिंत कोरडी पडून पांढरी दिसायला लागण्याआधी पुढचं पाणी. नळीचा जोरदार फवारा पहिल्या दिवशी नको, मग्याने किंवा झारीने. नवीन टॉवरमध्ये सतराव्या मजल्यावर पाणीच चढलेलं नसतं आणि ठेकेदार म्हणतो, उद्यापासून मारू. पाणी नसेल तर गिलावा सुरू करू नका, हे एकच वाक्य मी नेहमी सुपरवायझरला लेखी पाठवतो, व्हॉट्सॲपवर का होईना.

त्यानंतर तीन-चार आठवडे भिंत सुकू द्यायची. रंगवाल्याला घाई असते, मालकाला मुहूर्त असतो. आतली ओल बाहेर येताना पुट्टीला फोड आणते आणि ठपका आपल्यावर येतो. तपासणी रात्री करा. बॅटरी भिंतीला समांतर धरली की दिवसा न दिसणारा प्रत्येक उंचवटा सावली टाकतो.

जिप्सम आणि बोर्डाचं काम

वागळे इस्टेटपासून ऐरोलीपर्यंत ऑफिसांत आता हेच चालतं, म्हणून हात बसवून ठेवा. जिप्समचा गिलावा थेट विटेवर किंवा ब्लॉकवर चढतो, अर्ध्या तासात घट्ट होतो, त्याला नंतर पाणी मारायचं नाही. बाथरूम आणि बाहेरची भिंत त्याला वर्ज्य. बादलीत आधी पाणी, मग भुकटी, आणि बादली दरवेळी धुतलेली. जुना घट्ट झालेला जिप्सम बादलीला चिकटलेला असेल तर नवा माल हातात असतानाच पकडतो. पोरं भुकटीला शिव्या देतात, दोष बादलीचा असतो.

बोर्डाच्या पार्टिशनला जमिनीवर आणि छताला चॅनेल, उभे स्टड (पत्र्याचे खांब) दोन-दोन फुटांवर, १२.५ मि.मी. बोर्ड, स्क्रू साधारण फुटाफुटावर. स्क्रूचं डोकं कागदाच्या जरा आत जावं पण कागद फाटू नये. बोर्ड जमिनीपासून अर्धा इंच वर ठेवा, फरशी धुताना पाणी चढत नाही. सांध्यांना टेप आणि कंपाउंडचे तीन हात. दोन्ही बाजूंचे सांधे एकाच स्टडवर आणू नका.

हात, डोळे, कागद

सिमेंट कातडी खातं. बोटांच्या बेचक्यात पडलेली भोकं रात्री झोपू देत नाहीत. सकाळी खोबरेल, कामाला रबरी हातमोजे, संध्याकाळी साध्या पाण्याने स्वच्छ धुणं. सीलिंग करताना गॉगल घालाच. डोळ्यात माल गेला तर चोळू नका, पंधरा-वीस मिनिटं वाहत्या पाण्याखाली धरा आणि डॉक्टरकडे जा.

वय १८ ते ६० मध्ये असेल आणि वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केलं असेल तर राज्याच्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करा. ठेकेदाराकडून ९० दिवसांचा दाखला मागायला लाजू नका. पोरांच्या शिक्षणापासून अपघातापर्यंतच्या योजना त्यावर अवलंबून आहेत.

आणि मोजमाप. गिलावा चौरस फुटावर मोजतात, आणि भांडण होतं ते दार-खिडक्यांच्या वजावटीवर. आयएस १२०० या मानकात ठरलेलं आहे: अर्ध्या चौरस मीटरपर्यंतच्या उघड्या जागेची वजावट नाही. अर्धा ते तीन चौरस मीटरच्या जागेची वजावट एकाच बाजूची, पण मग तिच्या आतल्या कडांचा गिलावा वेगळा मोजायचा नाही. तीनच्या वर दोन्ही बाजू वजा आणि कडा मोजून मिळवायच्या. तीन बाय सातचं दार २१ चौरस फूट, म्हणजे दोन चौरस मीटरच्या आतबाहेर, मधल्या गटातलं. दोन्ही बाजूंनी गिलावा केला असेल तर एकदाच वजा. छोट्या कामात प्रत्येक ठेकेदाराची आपली रीत असते, म्हणून काम सुरू करण्याआधी ते विचारून वहीत लिहून ठेवा. मोजताना टेपचं एक टोक आपल्या माणसाच्या हातात असू द्या, आणि प्रत्येक खोली झाली की तिथल्या तिथे त्याच पानावर दोघांच्या सह्या.